आयटी सोडून एमबीबीएस, वय २९, बारावीला बायो नव्हतं: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न — वाकडकर

नमस्कार. वय २९, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये सात वर्षं नोकरी. एमबीबीएसला जायचं पक्कं आहे, पण कशामागून काय करायचं ते समजत नाहीये. माहिती अशी:

दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, राज्य मंडळ. बारावीला बायफोकलला (जोडीच्या व्यावसायिक विषयाला) इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, त्यामुळे बायोलॉजी सुटली. फिजिक्स ७१, केमिस्ट्री ६८ (१०० पैकी). खुला प्रवर्ग.

बायको नोकरी करते, हातात ४५ हजार येतात. घराचा हप्ता २४ हजार, बाकी घरखर्च साधारण ३० हजार. माझी बचत १८ लाख, पीएफ वेगळा. मूल नाही. आईवडील गावी, त्यांचं त्यांच्या पेन्शनवर भागतं.

प्रश्न तीन. बायो नसताना 'नीट' (वैद्यकीय प्रवेशपरीक्षा) देता येते का? आत्ताच राजीनामा द्यावा का? आणि पैशांचं गणित जमतं का? "या वयात कशाला" हे बरंच ऐकून झालंय. वयाचा हिशेब आकड्यांत कोणी मांडला तर मात्र नक्की हवा आहे.

उत्तर १ — प्रवेश_फेरी

वयाचं आधी. नीट-यूजीला खालची अट आहे: प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. वरची मर्यादा २०२२ पासून नाही, आणि किती वेळा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही. अपवाद एएफएमसीचा, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय कॉलेजचा. तिथे वयोमर्यादा आहे आणि उमेदवार अविवाहित लागतो, तेव्हा ते कॉलेज यादीतून काढून टाका.

बायोचा मार्ग आहे. पूर्वी अकरावी-बारावी दोन्ही वर्षं बायोलॉजी नियमित शिकलेली लागायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सूचना काढून, बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून अतिरिक्त विषय म्हणून बायो पास झालेल्यांना पात्र ठरवलं. तुमच्यासाठी सोयीचं मंडळ एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा). बायोलॉजीचा विषय क्रमांक ३१४, आणि 'पार्ट ॲडमिशन' घेऊन तेवढा एकच विषय देता येतो. पुण्यात त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे.

इथे बहुतेकांची चूक तारखेत होते. एनआयओएसच्या परीक्षा दोनदा असतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पुढच्या एप्रिलच्या परीक्षेसाठी प्रवेश साधारण जुलैअखेरपर्यंत घ्यावा लागतो, त्यापुढे विलंब शुल्क. ही खिडकी चुकली की बायोचा पेपर ऑक्टोबरात जातो. मग मे महिन्यात नीटमध्ये कितीही गुण पडोत, प्रवेशाच्या वेळी हातात बायोची गुणपत्रिका नसते. आज जून संपत आलाय, म्हणून नीटच्या पुस्तकाला हात लावायच्या आधी हा अर्ज भरा. बायोला प्रात्यक्षिक आणि असाइनमेंट दोन्ही आहेत. प्रात्यक्षिकाला गैरहजर राहून नुसती लेखी दिली तर विषय सुटत नाही. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या, राज्य कोट्याच्या पडताळणीत प्रश्न उरत नाहीत.

गुणांची अट: खुल्या प्रवर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ५०%, राखीवला ४०%. तुमचे दोन विषयांचे १३९ झालेत, ३०० पैकी १५० लागतात. म्हणजे बायोत पास झालात तरी बेरीज जुळते. त्या विषयात टक्केवारीसाठी जीव काढू नका, ती ताकद नीटला द्या.

आता जागा. सरकारी कॉलेजांतल्या १५% जागा अखिल भारतीय कोट्यात, त्या एमसीसी (केंद्राची प्रवेश समिती) भरते. उरलेल्या ८५% राज्याचा सीईटी कक्ष भरतो. त्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. तुमचं दोन्ही बसतं. अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसीकडेच असतात. तिथे नुसत्या नोंदणीला दोन लाख अनामत आणि फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. तुमच्या हिशेबात ते दार बंदच धरा.

पात्रता गुण आणि प्रत्यक्ष जागा यांची गल्लत करू नका. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता ७२० पैकी १४४ होती, आदल्या वर्षी १६२. एवढ्यावर सरकारी जागा स्वप्नातही मिळत नाही. आणि एका वर्षीच्या गुणांवरून दुसऱ्या वर्षीचा अंदाजही बांधू नका. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी मिळवणारे बरेच होते, २०२५ मध्ये देशात पहिला आला तो ६८६ वर. म्हणून राज्याच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या निवड याद्या उतरवून घ्या आणि तुमच्या प्रवर्गात शेवटची सरकारी जागा कितव्या रँकला गेली ते बघा. गुण हलतात, रँक त्या मानाने स्थिर राहते.

कागदपत्रं दिवाळीतच गोळा करा: दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावीची, बायोची वेगळी, अधिवास आणि राष्ट्रीयत्व, शेवटच्या संस्थेचा शाळा सोडल्याचा दाखला (तुमच्या बाबतीत इंजिनिअरिंग कॉलेजचा), मधल्या वर्षांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र. दहावीच्या प्रमाणपत्रातलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. नोकरीच्या वर्षांत आधारवर वडिलांचं नाव गळतं, आडनाव पुढे-मागे होतं. हे आत्ताच दुरुस्त करा, कारण अर्जाची मुदत तोंडावर आल्यावर आधार केंद्रावरची रांग लवकर सरत नाही.

उत्तर २ — फळ्यासमोर

नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायो ९०. बरोबरला ४, चुकीला वजा १. २०२५ पासून ऐच्छिक प्रश्न गेले, सगळे सक्तीचे. म्हणजे निम्मा पेपर अशा विषयाचा, जो तुम्ही दहावीनंतर उघडलेला नाही. तरी भीती बायोची धरू नका. इंजिनिअरचं नुकसान बहुधा फिजिक्समध्ये होतं, कारण तिथे "येतंच की" असं वाटत असतं.

कॅल्क्युलेटर नाही. सात वर्षं सगळी आकडेमोड मशीनने केली की हातचा भागाकार मंदावतो. ४०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा विचारली की इंजिनिअर h आणि c च्या किमती लिहून घातांक सोडवत बसतो, दीड मिनिट जातं. १२४० भागिले ४००, उत्तर ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, दहा सेकंद. असे पन्नासेक शॉर्टकट वहीच्या एका पानावर काढा आणि रोज हाताने वीस आकडेमोडी करा. दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे प्रायोगिक कौशल्यं. अभ्यासक्रमात फिजिक्सचा विसावा घटक तोच आहे. व्हर्नियर, स्क्रू गेज, शून्य त्रुटी. धन शून्य त्रुटी वजा करायची असते, आणि घाईत ती मिळवली जाते. हे हुकमी गुण आहेत.

केमिस्ट्रीत फिजिकल तुम्हाला सोपी जाईल, ऑरगॅनिक सरावाने येते, इनऑरगॅनिक निव्वळ पाठांतर आहे. ते शेवटच्या महिन्यावर ढकललं तर जमत नाही. पहिल्या आठवड्यापासून रोज वीस मिनिटं द्या.

बायोला एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं. सध्याच्या आवृत्तीत १९ आणि १३, मिळून ३२ धडे. प्रश्न वाक्यावाक्यातून येतात, आकृतीच्या नावांतून येतात, तक्त्याच्या तळटीपेतूनही येतात. मात्र आयोगाचा अभ्यासक्रम आणि छापील पुस्तक तंतोतंत एक नाहीत. माल्व्हेसीसारखी वनस्पतींची कुळं अभ्यासक्रमात आहेत आणि नव्या पुस्तकात सापडत नाहीत. म्हणून अभ्यासक्रमाचा कागद भिंतीवर लावा आणि घटक खोडताना त्यावरच खोडा.

धडा कसा करायचा: पहिलं वाचन पेन्सिल न लावता. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदावर स्वतः दोन प्रश्न लिहा. मग पुस्तक मिटवून आकृती कोऱ्या कागदावर काढा. नेफ्रॉन (मूत्रपिंडातली सूक्ष्म गाळणी) काढताना हेन्लेचा पाश उतरतो कुठे, चढतो कुठे, आणि कोणत्या भागातून पाणी जात नाही, हे बोट ठेवून सांगता आलं तर धडा झाला. नुसतं अधोरेखित केलेलं महिन्याभरात पुसलं जातं.

वेळ: पहाटे ५ ते ७ बायो, रात्री ९ ते १०.३० फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची गणितं, शनिवार-रविवार आठ-आठ तास. आठवड्याला साधारण ३३ तास होतात. मेपर्यंत साधारण ४४ आठवडे, म्हणजे कागदावर १,४५० तास. आजारपण, रिलीज आणि सणवार वजा जाता १,२०० हातात राहतील. त्यात तिन्ही विषय एकदा व्यवस्थित आणि दोनदा उजळणी एवढं बसतं. शेवटचे सहा आठवडे रजा लागेलच. ती साठवायला आत्तापासून लागा.

परीक्षा दुपारी २ ते ५ असते. जानेवारीपासून दर रविवारी त्याच वेळेला, जेवण झाल्यावर, पंखा लावून बसा, कारण दुपारची झापड हा खरा अडथळा आहे. क्रम असा ठेवून बघा: बायो ५० मिनिटं, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५, उरलेली १५ फेरनजरेला. ओएमआर (उत्तरांचे गोल रंगवायचा कागद) प्रत्येक विषय संपला की भरा. सगळं शेवटावर ठेवलं की एक गोल सरकतो आणि त्याखालची अख्खी रांग चुकते.

ऋण गुणांचं गणित तुम्हाला पटेल. चारपैकी दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर ठोका, सरासरी दीड गुण पदरात पडतो. एकही कटत नसेल तर सरासरी पाव गुण. तेवढ्यासाठी जोखीम घेऊ नका. आणि येत असलेला प्रश्न घाईत चुकला तर फरक पाच गुणांचा पडतो, चारचा नाही.

मराठी माध्यमातून पेपर घेता येतो, पुस्तिकेत इंग्रजीही सोबत असतं. भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. तुमची सवय इंग्रजीची आहे, तेच ठेवा.

उत्तर ३ — जमाखर्च

आकडे मांडतो. सरकारी कॉलेज मिळालं असं धरून.

फी वर्षाला दीड लाख धरा, साडेचार वर्षांची ६.७५ लाख. वसतिगृह आणि मेस महिना ९ हजार, ५४ महिन्यांचे ४.८६ लाख. पुस्तकं, ॲप्रन, स्टेथोस्कोप, हाडांचा संच वगैरे ७५ हजार. घरात तुमचा पगार नसताना महिन्याला तूट ९ हजार (५४ हजार खर्च, ४५ हजार जमा), तिचे ४.८६ लाख. बेरीज १७.२२ लाख. महागाईसाठी वीस टक्के चढवले की जवळपास २०.७ लाख. बचत १८. फरक लहान आहे, चार-पाच लाखांच्या शैक्षणिक कर्जात भागतो. पण यात बायकोची नोकरी अखंड चालू राहील असं गृहीत आहे. हे तिच्यासमोर याच शब्दांत मांडा, आणि मूल कधी हा विषयही याच बैठकीत घ्या, कारण ९ हजारांची तूट त्या दिवसापासून २५ हजारांची होते.

खाजगी कॉलेज, राज्य कोटा, फी वर्षाला १० लाख धरली तर नुसती फी ४५ लाख. तुमच्या उत्पन्नात हे बसत नाही. संस्थात्मक (मॅनेजमेंट) कोट्याचा विचारही नको. म्हणून रेघ आत्ताच आखा: सरकारी किंवा महापालिकेचं कॉलेज मिळालं तरच. निकालाच्या दिवशी मन हळवं असतं आणि दलाल फोन करतात, त्या दिवशी रेघ आखता येत नाही.

आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं, आधीच्या प्रतीक्षाकाळाचं श्रेय मिळतं. अर्ज राजीनाम्याच्या किमान महिनाभर आधी. पीएफ काढू नका. नोकरी सुटल्यावरही व्याज मिळतं, मात्र त्यानंतरचं व्याज करपात्र असतं. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग सेवेवर मिळते. तुमची सात वर्षं एकाच कंपनीत असतील तर ती रक्कम वरच्या हिशेबात धरलेली नाही.

शैक्षणिक कर्जाचे हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिने ते वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. या व्याजावरची आयकर वजावट जुन्या करप्रणालीत आठ वर्षं मिळते. कर्ज तुमच्या नावावर असलं तर ती तुम्हालाच, आणि शिकताना तुमचं उत्पन्न शून्य. बायको नोकरी करते, तेव्हा जोडीदाराच्या शिक्षणासाठी तिच्या नावावर कर्ज निघतं का ते बँकेत विचारा.

ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं आरक्षण): आठ लाखांची मर्यादा आदल्या आर्थिक वर्षाच्या कुटुंबाच्या उत्पन्नावर बघतात. त्यात तुमचा पगार, बायकोचा पगार, आईवडिलांची पेन्शन सगळं येतं. मार्चपर्यंत नोकरी केलीत तर पहिल्या वर्षी प्रमाणपत्र मिळणार नाही. त्यावर योजना उभी करू नका. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीलाही आठ लाखांचीच मर्यादा आहे. दुसऱ्या वर्षापासून पात्र ठरता का ते महाडीबीटीवर (शिष्यवृत्त्यांचं सरकारी संकेतस्थळ) तपासा, कारण निम्मी ट्यूशन फी परत येते.

वाकडकर

सगळ्यांचे आभार. एनआयओएसचा अर्ज या आठवड्यात भरतो. मग राजीनामा आत्ता नको, असंच ना? आणि आत गेल्यावरचा दिवस कसा असतो, तिशीतल्या माणसाला काय जड जातं?

उत्तर ४ — वॉर्ड_क्रमांक_९

राजीनामा जागा हातात आल्यावर. एक परीक्षा आत्ताच करा: मागच्या वर्षीचा नीटचा पेपर घड्याळ लावून सोडवा. बायो सोडून द्या, फक्त फिजिक्स-केमिस्ट्रीचे ३६० मोजा. डिसेंबरअखेर पुन्हा तसाच पेपर, या वेळी पूर्ण. फिजिक्स-केमिस्ट्री २२० च्या आणि बायो २८० च्या आसपास असेल तर मे महिना तुमच्या आवाक्यात आहे. खूप खाली असेल तर नोकरी चालू ठेवून पुढच्या वर्षाची तयारी करा. बायोचा विषय तोवर सुटलेला असेल.

वयाचा हिशेब. प्रवेश ३० व्या वर्षी. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे ३६. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतून एक वर्ष सामाजिक दायित्व सेवा (बाँड), नाहीतर दहा लाख दंड. ही सेवा पगारी असते, बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात. ३७. नीट-पीजीची (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची) तयारी आणि तीन वर्षं एमडी किंवा एमएस, म्हणजे ४१. सुपरस्पेशालिटीची आणखी तीन. लोक "साडेपाच वर्षं" डोक्यात ठेवून येतात आणि पीजीच्या दाराशी दमतात. साध्या एमबीबीएसवर थांबून गावात किंवा केंद्रावर काम करायची मनापासून तयारी आहे का, हे प्रवेशाआधी ठरवा. ती असेल तर ३७ व्या वर्षी तुम्ही पूर्ण डॉक्टर आहात.

पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. तिन्ही सुटल्याशिवाय दुसऱ्या वर्षात जाता येत नाही, आणि पहिल्या वर्षाला एकूण चारच प्रयत्न. अख्खा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. हजेरी लेखी विषयांना ७५%, प्रात्यक्षिकांना ८०%.  सोबत फ्रीलान्सिंग करू असं कोणी सुचवलं तर विसरा. रविवारचे चार तास फार तर.

डिसेक्शन हॉलमध्ये दोन-दोन तास उभं राहावं लागतं, फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात. पाठीचं दुखणं असेल तर आत्तापासून व्यायाम. पण तिशीत खरं जड जातं ते पाठांतर. ब्रॅकियल प्लेक्ससच्या (हाताच्या नसांच्या जाळ्याच्या) मुळांपासून टोकाच्या नसांपर्यंतचा पट रात्री येतो आणि सकाळी तोंडी परीक्षेत जातो. उपाय एकच: रोज फळ्यावर काढा, मोठ्याने बोला, आणि सतरा-अठरा वर्षांच्या बॅचमेटसमोर चुका. त्यांच्यासोबत गटात अभ्यास केलेला तरून जातो, "मी मोठा" म्हणून कडेला बसलेला मागे पडतो. शिक्षकांपैकी काही तुमच्याहून लहान असतील, त्यांना "सर", "मॅडम" म्हणताना मनात अढी नको.

तुमची जमेची बाजूही मोठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांशी नीट बोलणं, चूक झाली की वेळेत सांगणं, रात्री दोन वाजता डोकं शांत ठेवणं हे नोकरीत शिकलेलं असतं. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात जायला लागलात की त्याचा उपयोग सुरू होतो. इंटर्नशिपमध्ये तर रोज होतो: रक्ताचे नमुने, सलाइन, केस पेपर, कॅज्युअल्टीच्या रात्री. त्यातले १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात. ते उरकायचे म्हणून उरकू नका, बाँडच्या वर्षात तेच कामाला येतं.

हिपॅटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. वॉर्डात जायच्या आधी हे झालेलं असू दे.

उत्तर ५ — चौथी_खिडकी

एवढंच जोडतो. नीटच्याच गुणांवर बीएएमएस, बीएचएमएस आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपीही आहे. पण "एमबीबीएस नाही मिळालं म्हणून" तिकडे जाऊ नका. प्राधान्यक्रम भरतानाच त्या अभ्यासक्रमात पाच-सहा वर्षं मन रमेल का ते ठरवा. परदेशातून एमबीबीएस करायचं तरी नीट पात्रता लागतेच. शिवाय ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, आणि परतल्यावर एफएमजीई (परदेशी पदवीधरांची परीक्षा), ३०० पैकी १५०. यातली एक अट एजंट नेहमी गाळतो, आणि बहुधा ती त्याच देशात डॉक्टरकीचा परवाना मिळू शकण्याची असते.

आणि ओढ रुग्णालयाच्या जगाची असेल, हातात स्टेथोस्कोपच हवा असं नसेल, तर पुण्यातच सीडॅकमध्ये (सरकारी संगणक संशोधन संस्था) आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे. एफएचआयआर, डायकॉम ही मानकं तुमच्या आजच्या कामापासून फार लांब नाहीत. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. एनआयओएसचा अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ या दोन्हीची माहिती वाचण्यात घालवा. अर्ज मात्र जुलैच्या आतच.